डावी बाजू

बसा हो, उभ्याने काय बघताय – तिकडे नको, ती खुर्ची डुगडुगते, इथे टीव्हीसमोर बसा. क्लबाने पाठवलंय म्हणजे निकाल तुमच्याच हातात, हो ना? पुढच्या हंगामात माझ्या भावाला ठेवायचं की नारळ द्यायचा – मग नीट बघून घ्या. घरात आम्ही त्याला शिडी म्हणतो, शाळेत असतानाच दाराची चौकट कपाळाला लागायची त्याच्या. आता चाळिशीला टेकलाय. या वयात माणसं जिना चढताना कण्हतात साहेब, हा अजून उड्या मारतोय – बघा, गेला बॉल बास्केटमध्ये.

काय म्हणालात, डावीकडचे पास सुटतात? तुम्हीपण त्या पेपरवाल्यांसारखं तेच धरून बसलात. अहो, पास देणाऱ्यांनाच अक्कल नाही. उजवीकडे द्या की, एक सुटला तर माझं नाव बदला. मी घरी ताटसुद्धा उजवीकडे सरकवून ठेवते, पाणीही उजवीकडेच – डावीकडे ठेवलं की सांडलंच. सवय झाली आता, त्यात काय एवढं.

नाही, दिसतं त्याला. दिसतं म्हणजे – कडेचं जरा कमी. बरं, डाव्याने नाहीच दिसत. गेल्या हंगामात कुणाचं तरी कोपर बसलं, तेव्हापासून. पण एका डोळ्याने एवढं खेळतो याचं कौतुक करायचं की नाही? डॉक्टरांचं सोडा, ते घाबरवायलाच बसलेत – उजव्याचा पडदाही नाजूक झालाय म्हणे, पुन्हा डोक्याला मार बसला तर तोही जाईल. बसतोय कशाला मार? शिडीने मला बजावलंय, बाहेर अवाक्षर काढायचं नाही. तुम्ही घरच्यासारखे वाटलात म्हणून –

फोन कशाला काढलात? बेंचवर कोचला लावताय, त्याला बाहेर काढा म्हणून? ठेवा तो. पाया पडते तुमच्या, ठेवा. आज त्याला असं खाली बसवलंत तर तो पुन्हा मैदानात उभा राहणार नाही, आणि खेळ गेला की माणूसच गेला, मी ओळखते त्याला. सामना संपू द्या, मग काय ते ठरवा –

थांबा. तो पलीकडच्या टीमचा दाढीवाला मघापासून डावीकडूनच का येतोय? आधी समोर होता ना? बघा, परत आला. मुद्दाम खांदा घासून गेला, आणि शिडीला कळलंसुद्धा नाही. हसतोय तो. साहेब, त्याला समजलंय – त्याने आता त्या दुसऱ्यालाही खूण केली, दोघंही डावीकडेच –

लावा. अहो, लावा तो फोन.