दाराबाहेरचं भूत

ती — नाही, कडी काढणार नाही. आधी तिथंच थांब आणि ऐक.

तो — अगं, झालं काय? दिवसभर कारखान्यात उभा होतो. निदान पाणी तरी दे.

ती — खिडकीच्या गजातून देते. पण आत यायचं नाही.

सासूबाई — डॉक्टरबाईंकडून आल्यापासून हिचं हे असं चाललंय बघ. माझ्या हातातला झाडू हिसकावून घेतला. म्हणे, कोरडा केर काढायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. मी चाळीस वर्षं काय धूळ उडवत बसले होते?

तो — ठकीचा रिपोर्ट आला का?

ती — आला. रक्तात शिसं आहे.

तो — शिसं म्हणजे... पेन्सिलीतलं?

ती — मलाही तेच वाटलं होतं. परवा बाई म्हणाल्या, शिशासाठी रक्त तपासू. तर मी घरी येऊन सगळ्या शिसपेन्सिली गोळा केल्या आणि कचऱ्यात टाकल्या.

तो — म्हणजे माझी कानावरची पेन्सिल तू... दोन दिवस खिळ्यानं रेघा मारतोय मी फळ्यांवर! कारखान्यात सगळ्यांवर आळ घेऊन झाला.

ती — आज बाईंना सांगितलं तर हसल्या. म्हणाल्या, शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, नुसतं नावात आहे. भाषा घेऊन एम.ए. केलं ना मी. शब्दावर विश्वास ठेवायची खोड.

तो — मग आलं कुठून? नळातून?

ती — त्यांनीही विचारलं, घरात काय काय वापरता. भांडी, मसाले, खेळणी, सगळं सांगितलं. मग विचारलं, हिचे बाबा काय करतात. मी कौतुकानं सांगितलं, जुने दरवाजे खरवडून नव्यासारखे करतात, लोक लांबून येतात त्यांच्याकडे. त्या लिहिता लिहिता थांबल्या.

तो — का?

ती — जुन्या रंगात शिसं असतं. त्याच्यावर तू पॉलिश पेपर मारतोस. त्याचं पीठ होतं, आणि ते तुझ्या अंगावर बसून घरी येतं.

तो — काहीतरीच. इतकी वर्षं मी त्या पिठात उभा आहे. मला काही झालंय?

ती — तुझंही रक्त बघायला सांगितलंय. पण तुझं डोकं घडून झालंय, तिचं घडतंय. शिवाय लहान मूल मोठ्यांपेक्षा किती तरी जास्त शोषून घेतं.

सासूबाई — डोक्याबिक्याचं काही बोलू नकोस बाई. हासुद्धा उशिराच बोलला. तीन वर्षांचा होईस्तोवर नुसता ठोंब्या होता.

ती — आई, ते उशिरा बोलणं झालं. ठकी बोलत होती. ‘काऊ’ म्हणायची, ‘पाणी’ म्हणायची, तुम्हाला ‘आजी, दे’ म्हणायची. तुम्ही शेजारी सांगत फिरत होतात. शेवटचं ‘आजी’ कधी म्हणाली, आठवतंय?

सासूबाई — ...मला वाटलं, रुसलीय माझ्यावर.

तो — बरं, औषध काय दिलं?

ती — लोहाचं सिरप. दूध द्या, पोट रिकामं ठेवू नका.

तो — ते टॉनिक झालं. मी विचारतोय, शिसं बाहेर काढायचं औषध.

ती — असतं. पण ते खूप चढलं तर देतात, पंचेचाळीसच्या पुढे. ठकीचं अठरा आहे. एवढ्याला देत नाहीत. उपयोग नाही, वर त्रास.

तो — म्हणजे कमी आहे! मग तोंड का पाडून बसलीस? केवढं घाबरवलंस.

ती — मीही अशीच खूश झाले होते. बाई म्हणाल्या, औषध देण्याइतकं जास्त नाही आणि निश्चिंत राहण्याइतकं कमी नाही. शरीराला ते कॅल्शियमसारखं वाटतं म्हणे. आपलंच समजून हाडांत नेऊन ठेवतं.

सासूबाई — चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

तो — मग करायचं काय? हातावर हात ठेवून बसायचं?

ती — येतंय ते थांबवायचं. आणि पुन्हा रक्त तपासायचं, पुन्हा, पुन्हा. हाच उपचार.

तो — आणि शब्द? शब्द परत येतील ना?

ती — विचारलं.

तो — मग?

ती — म्हणाल्या, तिच्याशी खूप बोलत राहा.

तो — हे काय उत्तर झालं?

ती — त्यांच्याकडे तेवढंच होतं रे. मी खुर्चीवरून उठेना, तेव्हा त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, जरा हळू आवाजात.

तो — पण मी आल्या आल्या हातपाय धुतो की. साबण लावून.

ती — धुतोस. भूत झाल्यावर. दारातून पांढराफटक आत येतोस. खाली वाकतोस. ती ‘भू’ करून दोन्ही हात तुझ्या छातीवर आपटते, धुरळा उडतो, दोघं खिदळता. मग तेच हात ती तोंडात घालते. तू न्हाणीघरात जातोस त्याच्यानंतर.

तो — दिवसभर मी त्याचीच वाट बघत असतो गं.

ती — माहितेय. तीही.

तो — कधीकधी शर्ट झटकतच नाही मी निघताना. मुद्दाम. जास्त उडावं म्हणून.

सासूबाई — पुरे आता. पोराला बाहेर किती वेळ ताटकळत ठेवणार आहेस?

ती — न्हाणीघर आत आहे आई, तेवढाच प्रश्न आहे. हे बघ, पायरीवर पिशवी ठेवलीय आणि टॉवेल. कपडे पिशवीत टाक, पिशवीचं तोंड बांध, मग मी दार उघडते. ठकी झोपलीय, तिला मी आतल्या खोलीत नेते.

तो — जिन्यात कपडे काढू? वरच्या काकू आत्ता खाली उतरतील.

सासूबाई — उतरू दे. लहानपणी अख्ख्या गल्लीनं बघितलंय तुला, त्यात काय नवीन आहे.

तो — आणि उद्या? परवा? शेठ म्हणतो, मास्क हवा तर तुझा तू आण, अंघोळीची सोय हवी तर दुसरीकडे बघ. मला दुसरं काही येत नाही.

ती — उद्याचं उद्या बघू.

[आतून दारावर लहान तळहातांचे फटके.]

ठकी — भू! भू!

तो — जागी झाली?

ती — तुझा आवाज ऐकला तिनं. ठके, चल, बाबा येतोय हं, आपण आत जाऊ या. अगं, चल ना. बघ, दार सोडत नाहीये.

ठकी — भू!

तो — तिला सांग, भूत गेलं. आता कधी येणार नाही म्हणावं.

ती — नाही सांगत.

तो — अगं, तूच तर आत्ता...

ती — तो एकच शब्द उरलाय तिच्याकडे.

सासूबाई — बोल ना रे काहीतरी. ऐकतेय ती, दाराला कान लावून.

तो — ठके... भूत आलंय बरं का. बाहेर उभं आहे.

ठकी — भू?

तो — हो, भू. तू तिकडून दार वाजव हं. मी इकडून वाजवतो.