राघूच्या मानेतला अकरावा टाका

मोजा मंडळी! एक रुमाल. दीड वीत लांब, दीड वीत रुंद. त्यावर एक राघू. राघूत टाके सहाशे चौऱ्याऐंशी. सहाशे त्र्याऐंशी सरळ, एक उलटा. आणि या एका रुमालावरून वस्तू किती झाल्या? तीनशे बारा!

चमत्कार वाटला ना? थांबा, हात जोडू नका इतक्यात. आधी प्रश्न ऐका — पेटीवाले, तुम्हीही ऐका, सूर जरा वेळानं लावा. न केलेलं काम केल्यासारखं दाखवलं, तर आपण खोटं बोललो का? तोंडातून तर शब्दही निघाला नाही! मग पाप घडलं ते नेमकं कुठल्या क्षणी?

याचं उत्तर गडहिंग्लजला आहे. तिथं सोनाक्का भरतकाम करायच्या, चाळीस वर्षं. त्यांची एक रीत होती. भरलेलं कापड कुणी हातात दिलं की आधी ते उलटं करायचं! समोरचा मोर नाचू दे नाहीतर गाऊ दे — मागे दोरे लोंबत असतील तर अक्का कापड परत देणार. गावातल्या बाया अक्कांपुढे कापड ठेवताना घाबरायच्या, मंडळी. परीक्षेला घाबरतात तशा!

शेजारी राहायची शलाका. पदार्थविज्ञानाची पदवीधर, बुद्धीनं तल्लख. तिच्या मनात आलं, अक्कांची कला जगाला दाखवू, मागण्या आणू. हेतू चांगला की वाईट? चांगलाच! तिनं नमुना मागितला. अक्का म्हणाल्या, तो ताकावर झाकलेला रुमाल ने, तो काही विकायचा नाही. का विकायचा नाही? शलाकेनं विचारलं नाही. प्रयोगशाळेत ज्या पोरीनं एकही आकडा तपासल्याशिवाय लिहिला नाही, तिनं इथं एक साधा प्रश्न विचारला नाही!

रुमालाचा फोटो निघाला. आता संगणकावर अशी सोय असते — कोऱ्या टोपीचा, कोऱ्या उशीचा, कोऱ्या पिशवीचा फोटो घ्यायचा, नक्षीची जागा आखून ठेवायची. मग एकदा नक्षी दिली की ती सगळ्या फोटोंत जाऊन बसते. त्याला म्हणतात मॉकअप. तेरा वस्तू, प्रत्येकीचे चोवीस रंग. करा गुणाकार! पोरगी कामाला चोख. उशी जिथं फुगते तिथं राघू फुगवला. पिशवीला जिथं घडी तिथं तो वाकवला. दोऱ्याला चकाकी दिली, टाक्याखाली केसाएवढी सावली दिली. साडेतीन तासांत तीनशे बारा वस्तू! सुईला दोरा ओवला नाही, बोटाला टोचलं नाही. आणि प्रत्येक फोटोखाली ओळ लिहिली — सोनाक्कांनी हातानं भरलेलं.

फोटो इंटरनेटवर विक्रीला टाकले, आणि आठ दिवसांत एकेचाळीस मागण्या आल्या. शलाका ते सांगायला देवळाच्या ओवरीत गेली. तिथं मंगळवारी बाया भरायला बसायच्या. पण तिच्याआधी फोटो पोचले होते! हौसाबाईंच्या हातात फोन. त्या बोटानं फोटो मोठा करत होत्या.

"सोने, टोपीवर राघू, उशीवर राघू. कधी भरलंस गं एवढं?" मग चष्मा वर सारून म्हणाल्या, "आणि दर राघूच्या मानेतला अकरावा टाका उलटा. चुकलीस तरी मोजून चुकतेस बाई."

बाया हसल्या. एक हळूच म्हणाली, मशिनवर काढलं असेल. मंडळी, चाळीस वर्षं जिच्यापुढे कापड ठेवायला भीती वाटायची, तिच्या तोंडावर!

सोनाक्कांनी फोन घेतला. एकेक राघू पाहिला. ज्या चुकीपायी रुमाल ताकावर झाकला होता, ती चूक तीनशे बारा ठिकाणी, आणि खाली स्वतःचं नाव. मग त्यांनी काय केलं असेल? सवयीनं फोन उलटा केला! मागं काय दिसणार? हौसाबाईंच्या फोनचं जांभळं कव्हर.

शलाकेचे कान तापले. ती घाईघाईनं म्हणाली, "अक्का, एका मिनिटात सरळ करते. एका जागी बदललं की सगळीकडे बदलतं."

अक्कांनी विचारलं, "उसवायचं नाही?"

"उसवावं लागत नाही अक्का."

"मग चूक गेली कुठं?"

बस! एवढंच बोलल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं — राग ऐकून घेता येतो. फोन हौसाबाईंना दिला, सुई उचलली, मान खाली घातली. आणि शलाका? तिला एकदम कळलं, की ती चूक पुसायला निघाली होती ते अक्कांसाठी नव्हतं. आपलं चुकलेलं कुणाला दिसू नये म्हणून!

आता माझ्याकडे काय बघता? हसू येतंय शलाकेचं? सकाळी उठल्यावर एक फूल, एक जोडलेल्या हातांचं चित्र दोनशे जणांना कोण पाठवतं? मी नावं घेऊ? त्या दोनशे नमस्कारांत एकदा तरी स्वतःचे हात जोडले गेले का? घरात कुणाला दुखावलं, तर आपण उसवतो का? छे! वरून गोड शब्द बसवतो, सावलीसकट! आज घरी गेल्यावर मनाचं कापड एकदा उलटं करून बघा. दिव्यापाशी नेऊन बघा. मी काल बघितलं, मंडळी. फार वेळ बघवलं नाही.

शलाकेनं त्याच दुपारी सगळे फोटो काढून टाकले. एकेचाळीस जणांना पत्रं लिहिली — वस्तू अजून भरलेल्या नाहीत, तुम्ही पाहिली ती संगणकावरची चित्रं होती, नमुन्यातली चूक न विचारता मी पसरवली, त्यात सोनाक्कांचा दोष नाही. तेवीस जणांनी मागणी मागे घेतली. अकरा जणांचं उत्तर आलं नाही. सात जणांनी कळवलं, थांबतो. सात राघू हातानं भरायला अक्कांना एकशे नऊ दिवस लागले.