दोन्ही डोळे उघडे

— छे हो, लगेच उठताय कसले? बसा ना, जयंतराव. सासुरवाडीला आलात आणि पाण्याचा घोटही न घेता निघणार? सांगितलं ना, सुनीती इथे नाहीये — पुण्याला गेलीय, माझ्या बहिणीकडे. आता बायकोला न्यायला गुरुग्रामहून गाझियाबादपर्यंत आलात, तेही या ट्रॅफिकमध्ये, तर घटकाभर टेका. हे? हे हातातलं? पिस्तूल आहे. घाबरताय काय, एअर पिस्तूल — छर्रे असतात यात, लायसनही लागत नाही. पुसत बसले होते. तुम्ही म्हणाल, सासूबाईंना या वयात हे काय सुचलं! अहो, रिटायर झाल्यावर मी भजनी मंडळात जाणार होते, खरंच, नावसुद्धा दिलं होतं — पण भजनात मन लागेना, हात नुसते शिवशिवायचे. म्हटलं चलो, शूटिंग रेंजवर जाऊन बघू.

शिकायला तसं कठीण नाही. वर ही एवढीशी काच दिसतेय ना, तिला रेड डॉट म्हणतात. आत लाल ठिपका दिसतो, तो निशाणावर ठेवायचा, बस्स. नाहीतर ती पुढची खूण मागच्या खाचेत बसवा, मग नेम धरा — माझ्या डोळ्यांना कुठलं जमायला? पण पहिल्या दिवशी मी ठिपक्याकडेच टक लावून बसले — तो थरथरतो, आपण त्याच्यामागे धावतो, आणि छर्रा जातो भिंतीत! कोच ओरडला, ‘मॅडम, डॉट को मत देखो, जिसको मारना है उसको देखो!’ बिल्कुल बरोबर. दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, त्याच्याकडे बघायचं, ठिपका आपोआप येतो — अगंबाई, शर्टाकडे काय बघताय? सिनेमात छातीवर लाल ठिपका पडतो, तसलं नाही हो हे. हा बाहेर पडतच नाही. माझ्या बाजूनंच दिसतो फक्त. तुम्हाला काही कळायचं नाही. घ्या, चहा घ्या, झालेलाच होता.

नाही हो, तुमच्यावर कशाला धरीन? जावई तुम्ही! मांडवात या हातांनी तुमचे पाय धुतलेत. अधिकमासात चांदीच्या ताटात अनारसे दिले. आणि तुम्ही माझ्या पोरीचा जबडा मोडलात. जिन्यावरून पडली म्हणे — लिफ्टच्या घरात राहते ती, जयंतराव! वरणाचं पाणी नळीनं पाजलंय मी तिला. राग येतो मला, इतका राग येतो की भाजी चिरता चिरता सुरी खाली ठेवावी लागते. रेंजवर कोचनं विचारलं, गोल टार्गेट सोडून हे माणसाच्या आकाराचंच का? म्हटलं, असंच. मग एक दिवस म्हणाला, ‘छाती छोड़ के हमेशा आँख पे क्यों?’ आता काय सांगू त्याला — छर्ऱ्यानं छातीला काय होतंय? डोळा मात्र... जाऊ दे. परवा तो हात जोडून म्हणाला, मॅडम, आप कल से मत आइए. चांगला मुलगा आहे, पण भित्रा.

का, चहा नको? आलं जास्त झालंय ना? कितीदा सांगितलं तिला, किसून घाल, ठेचून नको — पण ऐकेल तर ना, लहानपणापासून हट्टी —

कामवालीबद्दल बोलतेय मी. सरला, आमची कामवाली. तुम्ही — अहो, कुठे निघालात? बाथरूम इकडे आहे. तिकडे अडगळ आहे नुसती. जयंतराव, बसा. बसा म्हणते ना. — जयंत, त्या दारावरचा हात काढ. हो, अरेतुरेच करणार! मागे हो. माझ्याकडे तोंड कर आणि दारापासून बाजूला हो.

सुनीती, कडी काढू नकोस, बाळा. कसलाही आवाज झाला तरी काढू नकोस.