भोपळ्याला पहिली सुरी

– नाही नाही, डबा तिथंच ठेव सुश्रुत, आधी ही सुरी धर. अरे घाबरतोस काय, भोपळा कापायचाय! वरच्या फ्लॅटमधून डबा परत करायला आलास आणि सापडलास, आता सुटका नाही. बाईमाणसानं अख्ख्या भोपळ्याला सुरी लावायची नसते, माहितेय ना? तुमच्या पुण्यात नाही पाळत? आमच्या सासूबाई नागपूरच्या, त्या थोरला मुलगाच मानतात भोपळ्याला. पहिली सुरी पुरुषानं घालायची, मग पुढचे तुकडे करायला आम्ही मोकळ्या. वेडेपणा आहे, कळतं मला. इथं इंग्लंडात, ब्रॅकनेलमध्ये कोण बघतंय? पण नाही धजत हात – काय करू!

वरून झाकण काढायचं – सुरी तिरकी धर हं, सरळ कापलं की झाकण आत पडतं. आमच्या तनूला यंदा हॅलोविनच्या भोपळ्यावर भुताचं तोंड नकोय, मांजराचं हवंय, मिशांसकट. मिशा आरपार नाही कापायच्या, नुसती साल सोलायची, आत दिवा लावला की छान उजळतात. आणि गराचे घारगे. हे हॅलोविनचे भोपळे पाणचट असतात रे, थेट गूळ घातला की नुसतं सरबत. किसून कढईत कोरडा होईस्तोवर परतायचा, मग गूळ, मग मावेल तेवढी कणीक. बिया तिखट-मीठ लावून ओव्हनमध्ये. इथले लोक गर सरळ बिनमध्ये टाकतात, जीव तुटतो माझा. सतीशला घारगे इतके – असो. तू सुरी धर नीट.

हो, सतीश लीड्सलाच आहे. प्रोजेक्ट वाढलंय ना त्याचं. वीकेंडला येतो की – म्हणजे, यायचा. ट्रेनचं तुला माहितेय, रविवारी निम्म्या कॅन्सल. काय बघतोयस? हुकवर त्याचा कोट नाही म्हणून? लीड्सला थंडी जास्त. जुलैतच घेऊन गेला. मी म्हटलं, बरं झालं, मागाहून विसरायला नको.

आणि तो काही सोवळं-ओवळं पाळणारा नाही हं. फक्त हे भोपळ्याचं तेवढं. मागच्या वर्षी ऑफिसातून फोन – थांब, हात लावू नकोस, मी येतोय. त्याची ट्रेन चुकली, दारात खाऊ मागायला ट्रिक ऑर ट्रीटची पोरं येऊन गेली, तरी मी आणि तनू आपल्या भोपळ्यासमोर बसून. आला, टायसुद्धा न सोडता कापला. आणि काल मी फोन केला – म्हटलं, भोपळा आणलाय, कधी येतोस? तर म्हणतो, ‘तूच काप की. त्यात काय एवढं.’ इतक्या शांतपणे, सुश्रुत! भांडला असता ना, तर चाललं असतं मला. कोट नेला तेव्हा नाही कळलं. काल कळलं.

तनूला मी सांगून बसलेय – बाबा येणार, भोपळा बाबाच कापणार. येईलच ती आता स्विमिंगहून. म्हणून म्हटलं तू काप, मी सांगते, बाबा दुपारी आला, कापला, घाईत होता, गेला – अरे, खाली ठेवलीस सुरी? बरोबर आहे तुझं. पोर काही खुळी नाही. मला न भेटता कसा गेला, म्हणेल. मग काय सांगू?

दे ती इकडे. नको, तू धरू नकोस, मी धरते भोपळा. सासूबाई, माफ करा हं – नाही, माफ कशाला करा? त्यांच्या लेकानंच सांगितलंय! – हं – साल चिवट आहे मेली – गेली. गेली बघ आत. काही झालं नाही रे. काहीसुद्धा झालं नाही.

तू जा आता. डबा राहू दे. तनू आली की मी सांगणार आहे तिला, मी कापला म्हणून – आणि मी का कापला, तेही. तेव्हा तू नको इथं. जा ना रे बाबा. आणि दार ओढून घे.