वरच्या जाळीवरच्या अक्षता

माउस बदलायला आलेली तेजस्विनी द्वारका चौकातल्या कॉम्प्युटर दुकानात रांगेत उभी होती, पण तिचे दोन्ही कान पुढच्या सिंधुमावशींकडे लागले होते.

“काय होतंय, मावशी?” दुकानदार मुबीनभाईनं त्यांचा सीपीयू टेबलावर घेतला.

“बटण दाबलं की नुसतं टीं टीं करतंय. पडदा काळाच. सुनेनं बिघडवला, दुसरं कोण?”

“टीं टीं म्हणजे रॅमची तक्रार. कधीपासून?”

“दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मी बोलले तिला, लय बोलले. ती येवल्याला माहेरी निघून गेली.”

मुबीनभाईनं झाकण उघडलं.

“मावशी, दसऱ्याला याची पूजा केली होती?”

“करणारच की. सुनेच्या पोटापाण्याचं हत्यार हाय ते. मी सोता हळद, कुंकू, अक्षता वाहिल्या.”

“कुठं वाहिल्या?”

“वरच्या जाळीवर.”

“हे बघा. रॅमच्या खाचेत सगळं कुंकू. आणि या तुमच्या अक्षता.”

मावशींनी ते चार दाणे तळहातावर घेतले आणि मूठ मिटली. मुबीनभाईनं ब्रश फिरवला, रॅम पुसून परत बसवली. एकदाच टीं झालं आणि पडदा उजळला.

“झालं. सुनेला फोन करू? धूळ गेली होती म्हणून सांगतो.”

“नको. माझ्यापायी खोटं नको बोलू.” मग तेजस्विनीकडे न बघताच, “पोरी, येवल्याची एसटी इथनंच मिळती ना?”

“हो, आजी.”

“मावशी, सीपीयू राहिला.”

“राहू दे. आधी तिला हे दाणे दाखवते.”