जुन्या घराचा ओटा

सत्त्याण्णव सालची गोष्ट. फरीदाबादच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघी मराठीत बोलत होत्या.

“हेमा, तुझं ते कळकट किचन झालं का गं नीट?”

“झालं बाई! टाइल्सवर नुसता पेंट मारला. ओटा मात्र बदलला. पाडलेल्या घरातला काळा दगड मिळाला, एकदम सस्त्यात.”

“अच्छा! छान की.”

“छान कसलं! त्यावर पोळ्या लाटायला लागल्यापासून माझा डावाच हात चालतो.”

“तू कुठे डावखुरी?”

“तेच ना! गौरींचा नैवेद्यसुद्धा डाव्या हाताने वाढला. सासूबाई ओरडल्या, तेव्हा कळलं.”

“कुणाचा होता गं तो दगड?”

“विकणारा म्हणाला, भिंती पडायला लागल्या तरी त्या घरची बाई ओट्यापासून हलत नव्हती.”

“काढून टाक यार तो!”

“हे काढणारच होते. मी म्हटलं, एकदा घर पाडलंत माझं, आता पुन्हा कुठे जाऊ?”

“हेमा! कुणाचं घर?”

“घर? मी कुठे घराचं काय म्हणाले? चल, स्टॉप आला. ती पिशवी दे इकडे.”

“आधी हात बदल, हेमा.”