साखळीची टाकी

देशाने बाहेरच्या मालाला दारे उघडली आणि सर्वांत आधी आत आले ते परदेशी कमोड. बेगम बाजारातल्या अशा कमोडच्या दुकानात माझ्यापुढे एक जोडपे उभे होते.

"अहो, तुम्ही साखळी ओढली की धो धो पाणी येतं. मामंजींच्याच वेळी का येत नाही?"

"अण्णा अर्धीच ओढतात."

"हातात जोर नाही?"

"काल नारळ कोणी फोडला मग?"

"मग अर्धी का?"

"पहाटे टाकी गरजली, छोटी दचकून उठली, तेव्हा तू त्यांना काय म्हणालीस, भाग्या?"

"झोपमोड होते, असं म्हणाले मी. एवढंच. वर्ष झालं त्याला."

"हौ. तेव्हापासूनच."

तिने कमोडवरचा हात काढून घेतला.

"हा पांढरा घ्यायचा का?"

"नक्को. घरी चला. उद्या पहाटे त्यांच्याआधी मीच पुरी साखळी ओढते."